रस्त्याखालचा झिरा

३ जानेवारी

प्रिय आत्या,

एखादी नदी मेली, असं नेमकं केव्हा म्हणायचं? काल आमच्या साहेबांनी मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर विचार केला, अजूनही येत नाही. म्हणून तुला लिहायला बसले. फोनवर मी काहीही विचारलं तरी तू "हो हो, जेवले" म्हणतेस, तेव्हा पत्रच बरं.

जुन्या सिनेमागृहासमोरचा रस्ता खचला, हे बाबांनी तुला कळवलं असेल. आमच्या मलनिःसारण खात्याने तिथे खोदलं, तर खाली माणूस ताठ उभा राहील एवढा मोठा नाला निघाला. मी खात्यात सगळ्यात नवी. मुकादम म्हणाले, "बाई, तुमचं वजन कमी, शिडी तुम्हालाच पेलेल. उतरा." उतरले. कमरेला दोर, डोक्यावर दिवा, पायात गुडघाभर बूट. वास होता, पण मला वाटलं होतं तितका नव्हता. गार होतं. आणि मग दिव्याचा झोत भिंतीवर गेला. भिंतीत पायऱ्या होत्या, आत्या. दगडी, रुंद, मधोमध झिजलेल्या. त्या वरून येत होत्या आणि पाण्यात जात होत्या. गटाराला कोणी पायऱ्या बांधत नाही. आणि नुसत्या बांधून त्या झिजत नाहीत.

वर आल्यावर मी साहेबांना म्हटलं, "सर, ही नदी आहे." ते म्हणाले, "होती. खात्याच्या नकाशात तो मुख्य नाला आहे." मी म्हटलं, "वाहतेय की अजून." तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला. पण माणूस चांगला आहे. म्हणाले, "एवढं वाटतंय तर शोध ती कुठून कुठे जाते. इतिहास लिही. रस्ता दुरुस्त करायला तोही लागेलच."

बाबांना विचारलं तर म्हणाले, "नाला होता. डास होते. झाकला, सुटलो." आणि पाण्याचे कॅन धुवायला निघून गेले. त्यांना वेळ कुठे आहे! मागच्या अंगणातल्या आपल्या विहिरीचं पाणी आता तीन-चार गल्ल्यांत जातं. पलीकडच्या शाळेलाही देतात, तेही फुकट. "पोरांच्या पाण्याचे पैसे घ्यायचे नसतात," म्हणतात. लोकांना पाण्याची चव फार आवडते. जंतू मारायचं औषध घालायला मी कितीदा सांगितलं, पण चव बिघडते म्हणून ते घालत नाहीत.

तू बाबांपेक्षा मोठी, तुला आठवत असेल. सगळं लिही. आपण रोज एका नदीवरून चालतो, एवढं तरी लोकांना कळायला हवं.

तुझी भाची


१२ जानेवारी

इंजिनीअरबाई,

शिवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय. शाळेच्या गणवेशांचा ढीग पुढ्यात आहे आणि तुला नदीच्या गोष्टी हव्यात. बरं, घे.

आम्ही तिला नुसतं नदी म्हणायचो. दुसरी होती कुठे? तुझ्या त्या पायऱ्यांवर तुझी आजी गिऱ्हाइकांचे कपडे धुवायची. मी खालच्या पायरीवर बसून लहान कपडे पिळायची. तुझ्या बाबांना अंघोळीला नेलं की अख्ख्या काठाला कळायचं, इतका गळा काढायचे. आता मोठे पाणीवाले झालेत, तेव्हा पाण्याला हात लावायला घाबरायचे, हे त्यांना माझं नाव सांगून ऐकव.

पाणी इतकं स्वच्छ की बोटातली अंगठी पडली तर तळाशी दिसायची. मग वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे कारखाने आले. एके दिवशी मासे उलटे तरंगले. आम्ही पोरं खुशीत टोपली भरून घरी घेऊन गेलो, तर आईने ती उकिरड्यावर ओतली आणि आम्हाला बदडलं. का मारलं, ते तेव्हा कळलं नाही. मग मोठ्या इमारतींचे पाइप आले. मग धुणं बंद. तुझ्या आजोबांनी इस्त्रीचं दुकान टाकलं.

शेवटी वरून काँक्रीट घातलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे लिहायला मला लाज नाही वाटत. वास बंद झाला, डास गेले, वरून रस्ता आला. तुझ्या साहेबांना सांग, नदी कधी मेली ते मला पक्कं माहीत नाही. पण काठावरच्या घरांनी तिच्याकडची दारं विटांनी बुजवली आणि दुसऱ्या बाजूला नवी काढली, तेव्हा तिची विचारपूस संपली.

आता एक कामाचं ऐक. तुझ्या त्या इतिहासात आपल्या घराच्या मागच्या बाजूचं एक अक्षर येता कामा नये. का, ते विचारू नकोस. पदवी घेतलीस म्हणजे सगळंच लिहून काढायचं असं नाही.

बाबांना म्हणावं, गुडघ्याला तेल लाव.

तुझी आत्या


३० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. टोपलीतल्या माशांपाशी आल्यावर मुकादमांनीही चहाचा पेला खाली ठेवला. मागच्या बाजूचा भाग मी वाचला नाही, घाबरू नकोस. पण असं काय आहे तिथे? विहीर, बाबांची पाणी ओढायची मोटार आणि कॅन. मला खरंच काही समजलं नाही.

आता माझी बातमी. नदीचा मार्ग शोधायला आम्ही रंग सोडला. पिण्यात गेला तरी अपाय करत नाही असा एक भडक हिरवा रंग असतो. तो वरच्या तोंडाशी पाण्यात ओतायचा आणि खालच्या तोंडाशी, म्हणजे नाला मोठ्या खाडीला मिळतो तिथे, वाट बघत बसायचं. किती वेळाने येतो आणि किती येतो, यावरून मधे कुठे गळती आहे ते कळतं. सकाळी रंग ओतला आणि मी खाली धावले. दुपार झाली, रंग नाही. संध्याकाळी आला तो इतका फिका, की मुकादम म्हणाले, "बाई, हा रंग आहे की तुमचा समज आहे?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुप्पट रंग ओतायला लावला. तरी तेच. साहेब हसून म्हणाले, "तुझा रंग मधल्या मधे कोणीतरी पिऊन टाकतंय." म्हणजे नाल्याचा तळ कुठेतरी फुटलाय आणि पाणी जमिनीत शिरतंय. कुठे, ते शोधायचं आहे. मला फार मजा येतेय, आत्या. कॉलेजात गुणांसाठी शिकलेलं पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडतंय.

शाळेत मात्र काविळीची साथ आहे. चौथीतल्या बऱ्याच पोरांना झाली. त्यातली एक मुलगी दवाखान्यात आहे आणि तिची तब्येत बरी नाही म्हणतात. फाटकावरच्या बर्फाच्या गोळेवाल्याला मुख्याध्यापकबाईंनी हाकलून दिलं. बाबांनी शाळेला जास्तीचे कॅन पाठवायला सुरुवात केली. म्हणाले, "निदान पाणी तरी चांगलं प्यायला मिळू दे."

तुझी भाची


७ फेब्रुवारी

पोरी,

आज थोडक्यात. गणवेश द्यायचे आहेत.

मागच्या बाजूला काही नाही. पुन्हा पुन्हा विचारू नकोस. तुझ्या आजोबांनी घाम गाळून उभं केलेलं घर आहे, एवढं ध्यानात ठेव. आणि सरकारी माणसाला अंगणात घेऊन चहा पाजत बसू नकोस.

शाळेतल्या पोरांचं वाचून वाईट वाटलं. त्यांना आपलंच पाणी दे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा इथलं पाणी मला पचेना. पोटात दुखायचं. तुझ्या आजोबांनी गाडीवाल्याच्या हाती आपल्या विहिरीच्या पाण्याचा डबा पाठवला होता. सगळी सासू-नणंद मंडळी हसली, पण मी दोन दिवसांत उठून कामाला लागले. ते पाणी औषध आहे.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी, ऑफिसातून

आत्या,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

आज सकाळी शाळेचा शिपाई कॅन न्यायला आला होता. बाबांनी नेहमीप्रमाणे त्याला आधी पाणी दिलं. "घ्या, ताजं आहे, आत्ताच मोटार बंद केली." शिपायाने पेला तोंडाजवळ नेला आणि थांबला. मी दारात बूट घालत होते. तो म्हणाला, "शेठ, यात सरबत घातलंत की काय?"

पेला उन्हात होता. त्यातलं पाणी हिरवं होतं.

अगदी गडद नाही. पानाची सावली पडावी तितकं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, शेवाळ आहे. बाबा तेच म्हणाले. "शेवाळ धरलं असेल. टाकी धुतो." पण शेवाळाला ती चमक नसते. ऊन लागलं की आतून पेटल्यासारखी दिसणारी ती चमक मी दोन दिवस बादलीत बघितली आहे. तो रंग मी माझ्या हाताने ओतला आहे. एवढे दिवस तो जमिनीतून झिरपत आला.

मला नदी शोधायची होती ना? ती रोज आमच्या पेल्यात होती. दवाखान्यांचं, संडासांचं, कारखान्यांचं सगळं पोटात घेऊन येणारी. मोटार चालू झाली की विहीर तिला ओढून घेते. आमच्या चहात, आईच्या आमटीत. माझ्या परीक्षांच्या वेळी टेबलावर आई जो तांब्या ठेवायची, त्यात. आणि शाळेच्या प्रत्येक वर्गाबाहेर.

मग काय झालं ते ऐक. बाबांनी शिपायाला कालचे भरून ठेवलेले कॅन दिले. ते स्वच्छ दिसत होते. शिपाई म्हणाला, "हे बरं आहे," आणि एकेक उचलून हातगाडीवर ठेवायला लागला. मी दारात उभी होते. एका पायात बूट. तोंड उघडायचं होतं आणि उघडलं नाही. बाबा त्याच्याशी थट्टा करत होते. "ही आमची इंजिनीअर, हिला विचारा, अख्ख्या शहरात असं पाणी आहे का." तो माझ्याकडे बघून हसला. गाडी गेली.

मी ऑफिसला आले आणि कोणालाही काही न सांगता हे लिहितेय.

आत्या, ती विहीर काय आहे? खडकात खोदलेली विहीर नदीला अशी जोडलेली नसते. तू काय लपवत होतीस? तुला हे माहीत होतं?


१४ फेब्रुवारी

पोरी,

मला हे माहीत नव्हतं. तुझ्या आजोबांची शप्पथ घेऊन सांगते, हे माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि मशीन तसंच टाकून दारात जाऊन बसले. कपडे शिवून घ्यायला आलेली बाई घाबरली, म्हणाली, कोणी गेलं का?

माझी भीती वेगळीच होती. नदी झाकली तेव्हा काठाची बरीच जागा मोकळी झाली होती. सगळ्यांनी थोडी थोडी आत घेतली. तुझ्या आजोबांनी मागची भिंत नदीच्या जागेत नेली आणि अंगण केलं. मला वाटलं, तू नदीचा इतिहास काढलास की मोजणीवाले येतील आणि धाकट्याचं, तुझ्या बाबांचं, घर पाडतील. म्हणून गप्प राहा म्हटलं. बाकी माझ्या मनात काही नव्हतं.

आता विहिरीचं सांगते. ती विहीर नाहीच. तो झिरा आहे. नदी होती तेव्हा तिचं पाणी कोणी थेट पीत नसे. काठापासून चार पावलांवर वाळूत खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि गप्प बसायचं. मग वाळूतून पाझरून जे पाणी खड्ड्यात येतं ते काचेसारखं असतं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. प्रत्येक घराचा आपला झिरा असायचा, दुसऱ्याच्या झिऱ्यात कोणी भांडं बुडवायचं नाही. पुरात ते बुजायचे, पुन्हा करायचे. आमचा तुझ्या आजोबांनी खोल नेला आणि ढासळू नये म्हणून आतून विटा लावल्या. अंगण आत घेतलं तसा तोही अंगणात आला. वर कठडा बांधला, मग सगळे विहीर म्हणायला लागले. धाकटा तेव्हा इतका लहान होता, की त्याला ती विहीर म्हणूनच माहीत. मीसुद्धा विसरले बघ. वाळू सगळं गाळते असं आम्ही धरून चाललो होतो. पण ती नदीचं पाणी गाळायची गं. हे जे आता वाहतंय ते गाळणं वाळूला कसं जमणार?

आणि मी लिहिलं, पोरांना आपलंच पाणी दे. देवा.

आता माझं ऐक. घाई करू नकोस. तुझ्या बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट छाती काढून सांगितली, ती म्हणजे ते पाणी. त्यावर तुझं शिक्षण झालं, तुझ्या आईचं ऑपरेशन झालं. हे बाहेरून कानावर आलं तर तो मोडून पडेल. मोटार जळली म्हणून सांगा. आठ दिवस कॅन बंद ठेवा. तोवर मी येते, मी त्याला समजावते. मी सांगितलं तर ऐकेल, लहानपणापासून माझंच ऐकतो. कागदावर काही लिहू नकोस. कागद गेला की घरही गेलं. आठ दिवसच मागते आहे.

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. पण ते वाचायच्या आधीच बरंच काही होऊन गेलं होतं.

नऊ तारखेचं पत्र पेटीत टाकून मी ऑफिसात परत गेले नाही. शाळेत गेले. मधली सुट्टी व्हायची होती. मुख्याध्यापकबाईंना म्हटलं, "बाई, कॅनमधलं पाणी कोणालाही देऊ नका." त्या म्हणाल्या, "तुझ्याच वडिलांचं आहे ना ते?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघींनी आणि त्या शिपायाने सगळे कॅन मैदानात नेऊन उपडे केले. सुट्टीची घंटा झाली, पोरं भोवती जमली आणि ओल्या मातीत उड्या मारायला लागली. बाई ओरडल्या, "पाय लावू नका!" त्यांचा आवाज इतका फाटला, की सगळी पोरं एकदम मागे सरली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन पेला भरून आणला. "इतकी वर्षं पितोय. मेलो का? तू मेलीस का?" आणि माझ्यासमोर तो हिरवा पेला घटाघटा संपवला. आई किंचाळली. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकला. पुन्हा भरायला निघाले. तेव्हा आईने हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, "ती चौथीतली पोर गेली तर तिच्या आईसमोरही असाच पिऊन दाखवणार आहात का?"

ते बसले. मग म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस. शाळेच्या आधी मला. मी बाप आहे तुझा."

मी म्हटलं, "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही एक दिवस मागितला असता, बाबा. आणि मी दिला असता."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला. वाटलं, निघाले कॅन टाकायला. दुपारी परत आले तेव्हा मागे भरलेले कॅन होते. गल्लीगल्लीत, दुकानादुकानात जाऊन दिलेलं पाणी त्यांनी परत गोळा केलं होतं. लोकांनी काय काय ऐकवलं ते सांगितलं नाही. सदऱ्याची बाही फाटली होती, ती आईने न विचारता शिवली.

ती मुलगी अजून दवाखान्यात आहे. डॉक्टर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. कावीळ आपल्या पाण्यानेच झाली, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तपासणीला बाटल्या गेल्या आहेत. साहेब म्हणाले, "निकाल येईपर्यंत तुझा अहवाल थांबवू शकतो. तुझं घर आहे म्हणून सांगतो." चांगल्या मनानेच म्हणाले. तूही चांगल्या मनानेच लिहिलंस. सगळे चांगल्या मनाने आठच दिवस मागतात, आत्या. पण आपल्या ओळीतल्या इतर घरांच्या मागेही कठडे बांधलेले आहेत. मी भिंतींवरून डोकावून बघितले. ते लोकही त्यांना विहीर म्हणतात आणि सकाळी त्यातलंच पाणी भरतात. मी दारोदार जाऊन सांगितलं. एक म्हातारे म्हणाले, "तुझ्या बापाचा धंदा बसला म्हणून आमची विहीर बंद करतेस होय?" दार लावून घेतलं. माझ्या सांगण्याने कठडे बंद होणार नाहीत. खात्याच्या हुकमाने होतील, आणि हुकूम अहवालावर निघतो.

घराचं काय होईल ते मला माहीत नाही. मोजणीवाले येतील, हे खरं. तू ये. बाबांना तू लागशील, मलाही लागशील. पण त्यांना समजवायला म्हणून नको येऊस, नुसती ये.

अहवाल मी काल सकाळी देऊन आले. नदीच्या जागेत असलेल्या झिऱ्यांच्या यादीत पहिला पत्ता आपल्या घराचा आहे, मागच्या भिंतीसकट. खाली सही माझी आहे.

तुझी भाची